चार चाकांच्या जोराची पेटी : खोलण्यातील मोजदाद

धान्याच्या व्यापारात भाव बांधणे ही अर्धी गोष्ट झाली. बांधलेल्या भावाचा माल वेळेवर आणि धडपणे गोदामात येऊन पडणे, ही उरलेली अर्धी. पहिल्या अर्ध्याविषयी स्मरणिकेतून जाणकार मंडळी नेहमीच लिहीत असतात. दुसऱ्या अर्ध्यात मोडणाऱ्या, परंतु मालकाच्या नजरेस क्वचितच पडणाऱ्या एका वस्तूविषयी आम्ही यंदा लिहिण्याचे योजिले आहे. ही वस्तू म्हणजे चारी चाकांना जोर देणाऱ्या ट्रकच्या पोटाखाली बसविलेली लोखंडी पेटी होय. गॅरेजात तिला ट्रान्सफर केस म्हणतात.

आम्ही यंत्रशास्त्राचे पदवीधर नाही. मॅट्रिक होताच पेढीवर बसलो आणि आयुष्य ज्वारी-मक्याच्या पोत्यांत गेले. तथापि एकदा ही पेटी आमच्या डोळ्यांदेखत नटबोल्टापर्यंत खोलली गेली, आणि तेव्हा जे पाहावयास मिळाले ते प्रत्येक वाहनधारक व्यापाऱ्याने जाणून घ्यावे असे आम्हांस वाटते. कारण गॅरेजचे बिल येते त्यावर ‘पेटी खोलून दुरुस्त केली’ एवढीच ओळ असते, आणि त्या ओळीत काय काय सामावले आहे हे विचारण्याइतके ज्ञान आपल्यापाशी नसते. पोत्यावर वजन नसेल तर आपण ते उतरवून घेत नाही. मग या ओळीपुढील आकडा मात्र डोळे मिटून का द्यावा?

पेटीचे काम

आमचे बिऱ्हाड रावपुऱ्यात आणि धान्याची पेढी हाथीखान्यात. खरेदी मात्र पूर्वेकडील डोंगराळ मुलखातून फार. बोडेली, छोटा उदेपूर, कवांट या बाजूचा मका आणि तूर आमच्याकडे वर्षानुवर्षे येत आली. हा प्रदेश २०१३ साली वेगळा जिल्हा झाला. त्यापूर्वी तो वडोदरा जिल्ह्यातच होता. ओरसंग नदीचे पात्र वाळूचे, आणि आतल्या गावांच्या वाटा चढउताराच्या. पावसाळा सरता सरता अशा वाटेवर साध्या ट्रकची मागची चाके एकाच जागी गरगर फिरत राहतात व गाडी तसूभरही पुढे सरकत नाही. म्हणून आमच्या वडिलांनी १९७० च्या दशकात जीपच्या घराण्यातील एक लहान, चारी चाकांना जोर देणारा ट्रक घेतला होता.

या घराण्याचा इतिहास थोडक्यात सांगावयास हवा. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यासाठी विलीस आणि फोर्ड या कारखान्यांनी जीप घडविल्या. त्यांत स्पायसर कंपनीची अठरा क्रमांकाची ट्रान्सफर केस होती. मूळ रचना तीच ठेवून आणि आत सुधारणा करीत करीत ही पेटी १९४१ पासून १९७१ पर्यंत जीपमध्ये बसत राहिली. भारतात १९४५ साली स्थापन झालेल्या आणि १९४८ साली महिंद्र आणि महिंद्र हे नाव घेतलेल्या कंपनीने मुंबईत माझगाव येथे विलीस जीपची जुळणी सुरू केली. त्यामुळे आपल्याकडील जुन्या मिस्त्र्यांचा हात या पेटीवर चांगला बसलेला असे.

पेटीचे काम समजण्यास कठीण नाही. इंजिनाचा जोर गिअरबॉक्समधून या पेटीत येतो. पेटीत एक मधला गिअर असतो. तो हा जोर खालच्या दांड्यावर उतरवितो. त्या दांड्याचे मागचे टोक मागच्या चाकांकडे जाते, आणि पुढे जोडलेला दुसरा दांडा पुढच्या चाकांकडे. चालकापाशी दोन लहान दांड्या असतात. एक दांडी पुढच्या चाकांना जोर जोडते किंवा सोडते. दुसरी हाय आणि लो असे दोन वेग देते. युद्धानंतरच्या पेट्यांत लो लावले म्हणजे गाडीचा वेग सुमारे अडीचपट कमी होतो आणि चाकांवरील जोर तितकाच वाढतो. भरलेली गाडी चढावर घेणे असो किंवा उतारावर इंजिनाच्या आधाराने सावकाश उतरविणे असो, लोवाचून गत्यंतर नाही.

पेटी घडविणाऱ्यांनी एक शहाणपणाची योजना आत करून ठेवली आहे. पुढच्या चाकांना जोर जोडल्याशिवाय लो लागतच नाही. दोन दांड्यांच्या मध्ये एक छोटासा अडसर असतो, तो ही अडवणूक करतो. लोचा प्रचंड जोर केवळ मागच्या आसावर पडू नये, तो दोहोंत वाटला जावा, हा त्यामागील हेतू. उलटपक्षी कोरड्या डांबरी रस्त्यावर चारी चाकांचा जोर लावून गाडी चालविणे घातक असते. वळणावर पुढची आणि मागची चाके सारखे अंतर कापीत नाहीत. मातीत ती थोडी घसरून हिशेब जुळवून घेतात, डांबरावर घसरू शकत नाहीत, आणि सगळा पीळ पेटीतील दातांवर व दांड्यांवर पडतो.

आपल्या धंद्याशी या पेटीचा आणखी एक संबंध आहे. तिच्या मागील बाजूस एक झाकण असते. ते काढून तेथे जोर बाहेर घेण्याचे साधन बसविता येते. युद्धानंतर शेतकऱ्यांसाठी जी जीप काढली गेली, तिच्यावर अशा साधनाने मळणीयंत्र चालविण्याची सोय होती. म्हणजे जी पेटी धान्य वाहते, तीच धान्य मळूही शके.

दोन दुखणी

१९९२ सालच्या हंगामात आमच्या ट्रकला दोन दुखणी जडली होती. पहिले असे की, उतारावर लो आपोआप सुटू लागले. दांडी उडून मध्ये येई. मध्ये येणे म्हणजे इंजिनाचा चाकांशी संबंधच तुटणे होय. दुसरे दुखणे असे की, पेटीच्या मागच्या टोकातून तेल झिरपे. तेलाचे चार थेंब पडले तर काय मोठेसे, असे कोणासही वाटेल. परंतु या जातीच्या गाड्यांत हँडब्रेकचा ड्रम पेटीच्या याच मागच्या टोकावर बसविलेला असतो. झिरपलेले तेल थेट हँडब्रेकच्या अस्तरावर जाते, आणि तेलकट अस्तर धरीत नाही.

ही दोन दुखणी एकाच वेळी उद्भवली तर काय होते, ते कवांटच्या बाजूच्या एका उतारावर दिसले. गाडीत मक्याची पोती होती आणि वर दोन हमाल बसले होते. लो सुटले. चालकांनी पायब्रेकवर गाडी कशीबशी थांबविली. परंतु हँडब्रेक ओढला तो नुसताच वर आला, गाडी धरीना. चालकांनी ब्रेकवरचा पाय उचलला नाही, आणि हमालांनी उड्या टाकून चाकांपुढे धोंडे लावले. कोणास इजा झाली नाही, पोतेही पडले नाही. मात्र त्या रात्री चालकांनी आम्हांस स्पष्ट सांगितले, “शेटजी, पेटी नीट झाल्याशिवाय मी या गाडीत माणूस बसविणार नाही.” त्यांचे म्हणणे शंभर टक्के रास्त होते.

तत्पूर्वी शहरातील एका गॅरेजने मागचे ऑइल सील दोन वेळा नवे बसविले होते आणि दोन्ही वेळा तीन आठवड्यांच्या आत गळती पुन्हा सुरू झाली होती. आता त्याच गॅरेजचे म्हणणे पडले की संपूर्ण पेटीच बदलावी. सील का टिकत नाही, याचे उत्तर तेथे मिळाले नाही. ज्यास दुखण्याचे कारण सांगता येत नाही त्याच्या औषधावर पैसा घालू नये, असा विचार करून आम्ही दुसरा हात शोधू लागलो.

बडोद्याची कारागिरी

या बाबतीत बडोदेकरांचे भाग्य थोर आहे. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८९० साली येथे कलाभवन स्थापिले. त्याचे पहिले धुरीण प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर यांचा आग्रह असा की, यंत्रविद्या आणि रंगविद्या लोकांना त्यांच्या स्वतःच्या भाषेतून शिकवावी. तेच कलाभवन पुढे १९४९ साली स्थापन झालेल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या तंत्रविद्या विभागात विलीन झाले. रावपुऱ्यातून ते पायी जाण्याच्या अंतरावर आहे. दुसरीकडे फत्तेगंजच्या बाजूस सैन्याच्या इलेक्ट्रॉनिकी व यांत्रिकी दलाची मोठी शाळा आहे. ॲल्युमिनियमच्या घुमटाचे दक्षिणामूर्तीचे जे मंदिर पाहावयास बाहेरगावचे पाहुणे जातात, ते १९६६ साली याच शाळेच्या आवारात उभे राहिले. सैन्यातील वाहने दुरुस्त करणारी माणसे येथे शिकतात, आणि निवृत्तीनंतर त्यांपैकी काही जण याच शहरात स्थायिक होतात.

अशा एका निवृत्त हवालदारांकडे आम्ही गेलो. मूळचे ते सातारा जिल्ह्यातले. त्यांनी गाडी पाहिली, पुढेमागे चालवून पाहिली, खाली वाकून तेलाचा माग काढला, आणि दोनच अटी घातल्या. पहिली, पेटी खोलताना मालकाने हजर राहावे. दुसरी, नवा भाग आणण्याची घाई करू नये. सर्व काही खोलून, धुऊन, मोजून झाल्यावर यादी करावी. आम्ही म्हणालो, “हवालदारसाहेब, दिवाळीला गोदामाची मोजदाद आम्हीही याच रीतीने करतो.” ते हसले आणि म्हणाले, “मग शेटजी, वही आणा.” आम्ही खरोखरच एक कोरी वही नेली, आणि या लेखातील तपशील त्या वहीतूनच घेतला आहे.

पेटी उतरविण्यापूर्वी

पहिला अर्धा दिवस केवळ स्वच्छतेत गेला. पेटीवर बोटभर जाडीचा चिखल आणि तेल यांचा थर जमला होता. तो खरवडून, रॉकेल मारून, ब्रशाने घासून काढला. मळकट पेटी खोलली तर बाहेरची वाळू आत जाते, आणि वाळूचा एक कण बेअरिंगला जे करतो ते हजार मैलांचा रस्ता करीत नाही, असे त्यांचे म्हणणे.

नंतर गाडी थोडी फिरवून आणली व कोमट झालेले तेल स्वच्छ परातीत काढले. तेल हा पहिला साक्षीदार होय. दुधाळ दिसले तर नदी उतरताना पाणी आत गेले असे समजावे. बोटांत चोळून पाहिल्यावर बारीक राखाडी भुकटी लागली तर ती नेहमीची झीज असते. परंतु कण टोचले तर कोठे तरी दात किंवा बेअरिंग तुटले आहे. पिवळट चकाकी दिसली तर मधल्या गिअरच्या बाजूंचे वॉशर किंवा गिअरबॉक्समधील पितळी कड्या झिजत आहेत. आमच्या तेलात टोचणारे कण नव्हते, पिवळी चकाकी मात्र चांगली दिसत होती. वहीत पहिली नोंद तीच झाली.

गाडी सपाट जागी उभी करून चाकांना लाकडी पाचरी लावल्या. चेसीखाली ओंडके दिले. नुसत्या जॅकच्या भरवशावर माणसाने गाडीखाली जाऊ नये, हा नियम त्यांनी कधी मोडला नाही. पुढचा आणि मागचा जॉइंट सोडण्यापूर्वी जोडावर छिन्नीने बारीक खूण केली, म्हणजे बसविताना तेच तोंड त्याच तोंडाला यावे. हँडब्रेकची तार, स्पीडोमीटरची तार आणि दोन्ही दांड्या सुटल्या.

त्यानंतर त्यांनी जे केले ते आम्ही अन्यत्र कोठे पाहिले नव्हते. गिअरबॉक्सचे वरचे झाकण काढून आतील मुख्य दांड्याभोवती, दुसऱ्या वेगाच्या गिअरमागे, तारेचा फास घातला आणि तिची टोके पुढच्या दोन बोल्टांना ताणून बांधली. कारण असे की, या दांड्याचे मागचे टोक ट्रान्सफर केसमध्ये शिरलेले असते. पेटी मागे ओढताना तो दांडाही मागे आला तर गिअरबॉक्समधील कड्या आणि तुकडे तळाशी कोसळतात, आणि एका पेटीचे काम दोन पेट्यांचे होऊन बसते. दोन हात तारेने हे संकट टळते. पुढे पेटीचे मागचे झाकण काढले, कॉटर पिन काढून मोठा नट सोडला, मुख्य गिअर ओढून घेतला, गिअरबॉक्सशी जोडणारे पाच बोल्ट काढले, आणि एकाने पितळी ठोक्याने दांड्याच्या टोकावर हलके ठोकीत, दुसऱ्याने पेटी मागे घेत ती खाली उतरविली.

खोलण्याचा क्रम

मेजावर जुने धोतर पसरले होते आणि त्यावर पाच ॲल्युमिनियमची ताटे ओळीने मांडली होती. जो भाग ज्या क्रमाने निघे त्या क्रमाने तो ताटात जाई. पुढच्या टोकाचा बोल्ट मागच्या टोकाच्या बोल्टात मिसळत नसे.

प्रथम तळाचे झाकण काढले, म्हणजे मधला गिअर दिसू लागला. त्याचा दांडा मागच्या बाजूस एका लहानशा पट्टीने अडविलेला असतो. ती पट्टी काढून पितळी ठोक्याने दांडा मागच्या बाजूस बाहेर काढला. पोलादी हातोडी येथे वर्ज्य, कारण दांड्याचे तोंड फुलले तर तो पेटीचे भोक कापीत बाहेर येतो. गिअर हाताने सांभाळीत खाली घेतला. त्याच्या दोन बाजूंचे वॉशर आणि आतील सुईसारखी बारीक नीडल बेअरिंगे वेगळ्या ताटात गेली. सुया किती निघाल्या त्याचा आकडा तेथल्या तेथे वहीत चढला.

मग दांड्यांना त्या त्या जागी धरून ठेवणाऱ्या गोट्या आणि स्प्रिंगा यांची पाळी आली. बाजूंचे छोटे बूच काढताना त्यांनी तळहात आडवा धरला होता. गोटी उडून कोपऱ्यात गेली म्हणजे अर्धा दिवस तिच्या शोधात जातो. नंतर पुढच्या चाकांचा जोर जोडलेल्या स्थितीत ठेवून पुढचे बेअरिंगचे घर त्याच्या दांड्यासह, फोर्कसह एकसंध बाहेर काढले. याच वेळी दोन दांड्यांमधील तो छोटा अडसर निसटून पडतो. तो हरवला आणि पेटी त्यावाचूनच बांधली, तर गाडी चालते. परंतु एकट्या मागच्या चाकांवर लो लागू शकते आणि आस तुटण्याची पाळी येते. काही जुन्या गाड्यांत हा अडसर नसतो, त्याचे कारण बहुधा हेच.

मागच्या टोकास हँडब्रेकचा ड्रम, त्यामागील पट्टा आणि स्पीडोमीटरचे घर होते. त्या घराखाली पातळ पत्र्याचे शिम निघाले. ते सगळे त्यांनी दोऱ्यात ओवून गाठ मारून ठेवले. हे शिम म्हणजे पेटीचा काटा आहे, तो शेवटी लागेल, एवढेच ते म्हणाले. अखेरीस लॉक काढून मुख्य दांडा मागच्या बाजूस सरकविला आणि त्यावरील गिअर एकामागून एक हातात आले. रिकामी पेटी रॉकेलने धुऊन उन्हात पालथी घातली.

मोजदाद काय बोलली

दुसऱ्या दिवशी धुतलेले भाग मोजावयास घेतले. सर्वांत मोठे आश्चर्य हे की, गिअरचे दात जवळजवळ सर्व धड होते. जी पेटी समूळ बदलावी असे सांगितले गेले होते, तिचा सर्वांत महागडा ऐवज शाबूत होता.

मधल्या गिअरच्या दांड्यावर मात्र नीडल बेअरिंगांनी चऱ्या पाडल्या होत्या. नख फिरविले तरी अडत होते. बाजूंचे वॉशर इतके झिजले होते की गिअर पुढेमागे डुले. तेलातील पिवळी चकाकी येथून आली होती. आता लो का सुटत होते ते स्पष्ट झाले. भार पडला की मधला गिअर तिरका होई, तिरका झालेला दात शेजारच्या गिअरला बाजूस रेटी, आणि त्यास धरून ठेवणारी गोटीची स्प्रिंग थकलेली असल्याने दांडी उडे. दुखणे दांडीत दिसत होते, मूळ मधल्या दांड्यात होते.

गळतीची कथाही अशीच निघाली. सील ज्या गुळगुळीत भागावर टेकते, तेथे जुन्या सीलने खोलगट वर्तुळ कोरले होते. नवे सील त्याच खोलगटीवर बसे आणि लगेच ढिले पडे. शिवाय मुख्य दांड्याची पुढेमागे हालचाल ठरलेल्या मर्यादेहून पुष्कळ अधिक होती. हलत्या दांड्यावर कोणतेच सील टिकत नाही. आणि तिसरे कारण तर पैशाचेही नव्हते. पेटीस श्वास घेण्यासाठी जे छोटे छिद्र असते ते चिखलाने गच्च बसले होते. पेटी तापली की आतील हवा फुगते, तिला वाट मिळाली नाही म्हणजे ती तेलासच सीलमधून बाहेर ढकलते. दोन वेळा सील बदलले गेले. छिद्रात तार कोणी घातली नव्हती.

भागांची यादी केली तेव्हा ती अशी झाली : मधला दांडा, नीडल बेअरिंगे, दोन वॉशर, दोन स्प्रिंगा, सर्व सील, सील टेकण्याचा मागचा तुकडा, कागदी पॅकिंगे आणि हँडब्रेकचे अस्तर. येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. या पेटीत मधला दांडा निरनिराळ्या काळी तीन जाडींचा आला : युद्धकाळी पाऊण इंच, नंतर एक पूर्णांक एक अष्टमांश इंच, आणि त्यानंतर सव्वा इंच. बाहेरून पेट्या सारख्याच दिसतात. म्हणून दुकानात गाडीचे नाव सांगून भाग मागू नये. जुना भाग हातात घेऊन, माप दाखवून मागावा. आमचा दांडा सव्वा इंची होता, आणि पहिल्या दुकानदाराने बारीक दांडाच पुढे केला होता.

जुळणी

जुळणीत खोलण्याचाच क्रम उलटा चालतो, परंतु तीन गोष्टी ध्यानात ठेवण्यासारख्या आहेत. नीडल बेअरिंगच्या सुया ग्रीसमध्ये चिकटवून गिअरच्या पोटात लावाव्या लागतात. जितक्या निघाल्या होत्या तितक्याच मोजून आत जावयास हव्यात. एक जरी खाली पडली व तशीच राहिली तर पहिल्याच फेरीत ती दातांत येते. वॉशरच्या बाहेर आलेल्या जिभा पेटीच्या खाचेत बसल्या पाहिजेत, नाहीतर वॉशर गिअरबरोबर फिरतो व पेटीसच खातो.

तिसरी गोष्ट शिमची. मुख्य दांड्यास पुढेमागे चार ते आठ हजारांश इंच एवढीच मोकळीक असावी असे या पेटीचे माप आहे. साधा लिहिण्याचा कागद साधारण चार हजारांश इंच जाडीचा असतो. म्हणजे एका कागदाहून कमी नाही आणि दोन कागदांहून अधिक नाही, एवढा हा हिशेब. मोकळीक कमी राहिली तर बेअरिंगे तापून जळतात, अधिक राहिली तर दांडा डुलतो व सील गळते. हवालदारांनी दोऱ्यातील शिम सोडले, त्यांतील एक काढला, घर कसले, घड्याळी मापकाने मोजले, पुन्हा उघडले, आणखी एक पातळ शिम काढला, पुन्हा मोजले. चौथ्या खेपेस काटा सहावर आला. एवढ्याशा पत्र्यासाठी त्यांनी दुपार घालविली, आणि आम्हांस ती दुपार मुळीच जड वाटली नाही.

पेटी चढली, नव्वद नंबरचे तेल भरले, श्वासाचे छिद्र तार घालून मोकळे करून तपासले. मग गाडी चढावर उभी करून केवळ हँडब्रेकवर सोडली. ती हलली नाही. नंतर माल भरून लोमध्ये उतारावरून आणली. चालकांनी दांडीस हातही लावला नाही आणि ती जागची सुटली नाही. एकूण खर्च नव्या पेटीच्या सांगितलेल्या किमतीच्या तिसऱ्या हिश्शाहून कमी आला. परंतु हमाल पुन्हा निर्धास्तपणे गाडीत बसले, ही प्राप्ती आम्ही त्याहून मोठी समजतो.

सदस्यांस विनंती

तो ट्रक आता मालवाहतुकीत नाही. २००० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेनंतर आतील गावांच्या कित्येक वाटा डांबरी झाल्या, आणि माल उचलण्याच्या रीतीही पालटल्या. नव्या चारचाकी-जोराच्या गाड्यांपैकी कित्येकांत ट्रान्सफर केसमध्ये साखळी असते आणि दांडीच्या जागी एक बटण. पण जोर दोन आसांत वाटण्याचे काम तेच आहे, सील तसेच झिजते, बेअरिंग तसेच घासते, आणि तेल आजही पहिला साक्षीदार आहे.

म्हणून ज्या सदस्य बंधूंकडे अशी वाहने आहेत, त्यांस आमची नम्र विनंती अशी. पेटी गॅरेजात देताना नुसते ‘दुरुस्त करा’ असे सांगू नये. दुखणे केव्हा, कोणत्या रस्त्यावर, किती भार असताना दिसते ते चालकास समक्ष नेऊन सांगावे, कारण गाडीचे खरे वर्तन त्यांसच ठाऊक असते. पेटी खोलली जाईल त्या दिवशी घरातील एकाने तरी तेथे उपस्थित राहावे. काढलेले तेल पाहावे. नवा भाग येण्यापूर्वी जुना भाग का बाद झाला ते विचारावे, आणि बाद झालेले भाग कापडात बांधून परत मागावेत. जो मिस्त्री ते आनंदाने देतो त्याच्याकडे पुन्हा जावे. श्वासाचे छिद्र दर पावसाळ्यानंतर साफ करावे. त्यास दमडी लागत नाही. आणि हँडब्रेक धरीत नाही असे चालकांनी सांगितले तर त्या दिवशीची फेरी रद्द करावी, भाव कितीही चढा असो.

आपल्या पेढ्यांवर पुढची पिढी येत आहे. तिला आपण वही लिहावयास शिकवितो, मालाची पारख शिकवितो. त्याबरोबरच एखाद्या चांगल्या मिस्त्रीच्या मेजापाशी तिला दोन दिवस बसवावे, असे आम्हांस सुचवावेसे वाटते. काढलेली प्रत्येक वस्तू मोजून ठेवणे, कारण सापडेपर्यंत निकाल न देणे, आणि जे धड आहे ते उगाच न बदलणे, हे ती तेथे पाहील, आणि पेढीच्या कामातही तिला त्याचा उपयोगच होईल.